एक काडी रेंज

सावद्याच्या मागच्या गल्लीत
वायकोळ्यांच्या गच्चीवरचा टॉवर उतरवला
तेव्हा पेढे वाटले होते म्हणे.
मी गेलो चार महिन्यांनी,
भुसावळहून, बसनं, मांडीवर पेटी;
पेटीत मापक, मापकाला
लिंबाएवढं काळं डोकं.

अर्ज नवा होता:
'टॉवर गेला तरी मोबाईल तापतात, चौकशी व्हावी.'
खाली एकेचाळीस सह्या, सहा अंगठे.

गल्ली माझ्यामागे चालत होती.
कुणी म्हणालं, चिमण्या गेल्या.
कुणी म्हणालं, केळीवर करपा आला तोही यानंच.
नेहेत्यांच्या सुनेचं पाचव्या महिन्यात पोट पडलं
हे मोठ्यानं कुणी बोललं नाही.
ती ओट्यावर उभी होती, पदराचं टोक दातात,
माझ्या हातातल्या आकड्याकडे बघत.

आकडा लहान होता.
टॉवर होता तेव्हाही लहानच होता.
तेव्हाचा कागद पेटीत होता,
मी तो काढला नाही.

शेवटचं घर कौतिकबाई भंगाळ्यांचं.
मागची खोली, मातीच्या हातभर भिंती, वर पत्रा,
रेंजची काडी एकच, तीही लुकलुकती.
'लावा फोन,' म्हटलं.
भोसरीला लावला, लीलाधरला.
गाल आणि फोन यांच्यामध्ये
वाऱ्यालाही जागा नाही.
मी लिंबू कानापाशी नेलं
आणि दिवसभर झोपलेला आकडा
उठून बसला.

मर्यादेतच होता, हे आधी सांगतो.
पण गल्लीत जे चिमूटभर
ते इथं ओंजळभर.

समजावलं मग:
जवळच्याशी कुजबुजलं तरी भागतं, मावशी,
नाल्यापलीकडच्याला हाक मारावी लागते.
टॉवर लांब गेला,
आता तुमचा फोन ओरडतो.
तापतो तो बहुतेक बॅटरीनं, त्याला भिऊ नका.
अंगणात येऊन बोला, काड्या वाढतील.
वायर लावा कानाला, नाहीतर स्पीकर.
उशीखाली नको.
वीतभर लांब धरला तरी पुष्कळ.
अंतर ठेवा, एवढंच.

त्या माझं संपायची वाट बघत होत्या.
'अंतर?' म्हणाल्या,
'भाऊ, आख्खी रात ट्रॅव्हल्स चालते
तितलं ठेवेल आहे मी.
आता त्याच्यावर अजून एक वीत?'

तरी स्पीकर लावून दाखवला.
लीलाधरचा आवाज खोलीभर झाला,
डब्यांवर आपटला, फडताळात गेला,
'आई, जेवली का' दारातल्या पोरांनीही ऐकलं.
बाईंनी घाईनं बोटानं
कुठलं तरी बटण दाबलं, दुसरं दाबलं,
फोन पुन्हा कानाशी.
'स्पीकरवर तो घराशी बोलते,' म्हणाल्या,
'मह्याशी नाही.'

अहवालाच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: अंतर.
मी लिहिलं, शून्य.
साहेब म्हणतील, शून्य चालत नाही,
अर्धा सेंटिमीटर तरी लिही.

स्टँडच्या वळणावर नेहेत्यांची सून उभी होती,
हातात दुधाची रिकामी बरणी,
बरणीचं निमित्त करून आलेली.
'मी राती लय बोलत जाये, माहेरी.
अंधारात, पोटावर फोन ठेवून.
त्याच्यानं का?'

आमच्या कागदांत यावर एक वाक्य आहे:
आजवरच्या अभ्यासांत असा संबंध सिद्ध झाल्याचं आढळलेलं नाही.
मी ते म्हणायला तोंड उघडलं.
ती एका शब्दाची वाट बघत होती,
फार तर दोन.
'नाही,' म्हणालो.
'आढळलेलं' गाळलं. 'आजवर' गाळलं.
असं गाळायचं नसतं, शिकवलंय आम्हाला.
तिनं बरणी या हातातून त्या हातात घेतली
आणि निघाली, दुधाकडे नव्हे, घराकडे.

बस केळीच्या बागांमधून चालली.
डाव्या खिशातला माझा फोन
रेंज शोधत असणार,
ओरडत असणार छातीशी.
काढून पेटीवर ठेवला.
थोड्या वेळानं घरून फोन आला,
तेव्हा उचलून
कानालाच लावला.