चार हजारांच्या पुढे

स्टॉकपोर्टच्या दवाखान्यात, आवाजबंद खोलीत
मी लोकांचे कान मोजते.
शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच.
मिस्टर ऑग्डेन बटण मुठीत धरून बसले
आणि चार हजार हर्ट्झच्या पुढे
मी वाजवत राहिले, ते वाट बघत राहिले.
आलेखाची रेघ विहिरीच्या पायऱ्यांसारखी खाली उतरली.

कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.
म्हणाले, एकदा घरी या. माझी सिस्टिम ऐकायला.

सिस्टिम म्हणजे बक्स्टनचं आईचं घर विकून आलेले
बासष्ट हजार पौंड, बैठकीच्या खोलीत मांडलेले:
माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर,
तापायला पाऊण तास घेणारा अॅम्प्लिफायर,
आणि जमिनीला टेकू नये म्हणून
चिनी मातीच्या ठोकळ्यांवर तोललेली
अंगठ्याएवढी जाड, निळी वायर.
तिची किंमत त्यांनी न विचारता सांगितली.
माझी गाडी तिच्यापेक्षा स्वस्त आहे.
गाडीला निदान चाकं आहेत, असं ओठांवर आलं.
मी चहा घेतला.

ऐकायला बसण्याआधी त्यांनी कानातली यंत्रं काढली,
सरकारने फुकट दिलेली, मीच बसवलेली,
आणि बशीत ठेवली, बिस्किटाशेजारी.
"यांनी आवाज बिघडतो."
बशीत ती दोन्ही बारीक शीळ घालत होती.
मला ऐकू येत होती.

मग चेलो.
"पहिल्या सुराआधी वादक नाकाने श्वास घेतो.
सत्त्याऐंशी साली मला सापडला तो.
आला?"
आला.
डाव्या कोपऱ्यात, पडद्याच्या हातभर अलीकडे
कुणीतरी खरंच बसलं होतं,
माझ्या हातावर काटा आला, खोटं का बोलू.
मिस्टर ऑग्डेन स्पीकरकडे बघत नव्हते.
माझ्या तोंडाकडे बघत होते.

परतताना गाडी कडेला घेऊन
तेच वादन मी फोनवर लावलं,
पेट्रोलपंपावर घेतलेल्या बारा पौंडांच्या इअरफोनवर.
श्वास तिथेही होता.
जरा चपटा, पेन्सिलीने काढल्यासारखा.
पण होता.
हे मी त्यांना कळवलेलं नाही.

हौसेला मोल नाही, म्हणून मिटवता आलं असतं.
पण मिरजेत माझे काका तंबोऱ्याची जवारी काढायचे.
घोडीवर कानस, दोनच हात, मग फुंकर,
मग तारेखाली सुताचा धागा,
केसभर पुढे, केसभर मागे,
दुपार कलेपर्यंत.
गिऱ्हाईक म्हणायचं, या दोऱ्याचे तीनशे रुपये?
काका काही न बोलता दोरा काढून घ्यायचे.
तार तीच, भोपळा तोच,
आणि तंबोरा वाजायचा पत्र्याच्या डब्यासारखा.
गिऱ्हाईक पैसे ठेवून जायचं.

म्हणून मी त्या दिवशी विचारलं होतं,
ही निळी काढून साधी लावून बघितलीत कधी?
"आता कशाला," ते म्हणाले,
आणि वायरीवरून फडकं फिरवलं.
धूळ नव्हतीच.

मंगळवारी परत आले. कानातले साचे सैल झालेत म्हणे.
मोजणी पुन्हा करावी लागली.
दोन हजार: बटण.
तीन हजार: जरा उशिराने, बटण.
चार. सहा. काही नाही.
आठ हजारांसाठी मी चकती फिरवत होते,
अजून काहीच वाजवलं नव्हतं,
आणि काचेपलीकडे
डोळे मिटून, मान किंचित डावीकडे,
त्यांनी बटण दाबलं.

कागदावर ते टिंब द्यायचं की नाही,
पेन तसंच धरून बसले आहे.