वावळाला काय येतं

धोपाव्याच्या जेटीवर मी तिकिटं फाडते.
चैत्रात वारा फिरला
की दर्ग्याकडून चकत्या उडत यायच्या,
पातळ, पापडासारख्या, मधोमध एकच दाणा.
गाड्यांच्या काचांवर, मासळीच्या पाट्यांत,
माझ्या गल्ल्यात, सुट्या पैशांवर.
इसाक मुजावर म्हणायचे,
"ठेव, आमच्याकडची चिल्लर."

मग रस्ता रुंद करायला दर्ग्याचा वावळ गेला.
दोन दिवस करवत चालली.
ओल्या लाकडाला असा वास सुटला
की फेरीबोटीतली माणसं नाकाला रुमाल लावून
गटाराला शिव्या देत होती.
बाकावर बसलेले इसाकचाचा एवढंच बोलले:
"गटार नव्हे. तोच आहे तो."

जूनमध्ये जुन्या तिकीटबुकात,
स्थळप्रतींच्या मधे, सतरा बिया निघाल्या.
वावळाची बी कुणासाठी थांबत नाही,
शिळी झाली की नुसता कागद.
त्याच संध्याकाळी कडेचा पापुद्रा चुरून काढला,
सुई तापवून दुधाच्या पिशव्यांना भोकं पाडली,
लाल माती, शेणखत, मूठभर वाळू
(किनाऱ्याची नाही, वरच्या पऱ्ह्यातली).
दहाव्या दिवशी पाच उगवली.

एक गोगलगायीने नेलं.
एक चोगल्यांच्या शेळीने.
तिसरं मीच मारलं, पाणी घालून घालून.

उरलेली दोन कुंपणाशी लावली,
समुद्राच्या अंगाला झापांचा आडोसा करून.
पाऊस सरला की खारा वारा पानांच्या कडा जाळतो,
म्हणून शेवटची फेरी गेली
की तांब्याभर गोड्या पाण्याने पानं धुते.
मग एक पान बोटाने पुसते, बोट चाटते,
मीठ गेलं का बघायला.

"कसला गो ह्यो?"
डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन द्वारका विचारते.
वावळ.
"काय येतं त्येला?"
कलम नाही, काजू नाही, सुपारी नाही.
सावली येते, मी म्हटलं.
"ती काय, फणसालापन येते."
खरंय.

तिसऱ्या माघात धाकटं सगळं झडलं.
आठ दिवस मी त्याच्याकडे बघितलंच नाही.
मग नखाने साल जराशी खरवडली,
आत हिरवं होतं.
त्यावर शेण लिंपलं आणि उगाच नख लावलं म्हणून
रात्रभर हळहळत राहिले.

परवा इसाकचाचा आले, नातीचा हात धरून.
दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू.
त्यांनी झाड विचारलं नाही, उंची विचारली नाही,
थोरल्याचं एक पान तोडून तळहातावर चोळलं,
नाकाशी नेलं,
तोंड वाकडं केलं.
"अजून एक दे," म्हणाले.

एक मीही चोळलं.
साबण लावला, राख लावली, वास हटला नाही.
पाचच्या फेरीला तशाच हातांनी तिकिटं फाडली.
पुण्याच्या गाडीतल्या एका माणसाने
सुटी नोट घेतली, थबकला,
हुंगून बघितली
आणि खाडीकडे बघत राहिला.