एक जानेवारी, पहाटे साडेपाच

भोसरीला, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
टेबलावर मांडलेत चोवीस बोर्ड,
तळहाताएवढे, उघडे,
सहा-सहाच्या चार ओळी.
आणि मी इथे धायरीत, पंखा बंद करून,
कागद उडतात म्हणून.
मधे मुठा, मुळा,
आणि नाशिक फाट्याचा सगळा ट्रॅफिक.

त्यांच्यापर्यंत थेट वाट नाही मला.
वाटेत एक जुना डेस्कटॉप बसलाय,
बुधवार पेठेतून सेकंडहँड आणलेला,
एका बाजूचं झाकण नसलेला.
आम्ही त्याला मामा म्हणतो.
मी मामाला सांगते, मामा त्यांना सांगतो,
त्यांचं उत्तर मामाकडून माझ्याकडे येतं.
पदरचं काही घालत नाही,
मध्यस्थ असूनही.

बोर्ड पहिल्यांदा जागा होतो
तेव्हा त्याला नावसुद्धा नसतं.
घड्याळाचा सेल आम्ही लावलाच नाही,
बोर्डामागे अठरा रुपये वाचले,
म्हणून प्रत्येकाला वाटतं
आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
पहाटेचे साडेपाच.

मामा आधी त्याला तारीख सांगतो.
मग नाव: टाकी-एक, टाकी-दोन.
मग एक लांबलचक किल्ली, कुणाला न दाखवायची.
आणि शेवटी काम:
कुठल्यातरी सोसायटीच्या गच्चीवर बसायचं,
पाणी किती उरलं ते मोजत राहायचं.

रात्री अकरापर्यंत तेवीस झाले.
सतराव्यानं ओ दिली नाही.
वाट पाहतोय, म्हणाला मामा.
वाट पाहतोय.
वेळ संपली.

मग खिलारेंना फोन लावला. रात्रपाळीचे वॉचमन.
"तिसऱ्या ओळीत पाचवा बघा. दिवा कुठला?"
"लाल. आणि शेजारी पाल आहे, मॅडम."
"पाल राहू दे. वायर काढा,
दहा आकडे मोजा, परत लावा."

त्यांनी मोजले, मोठ्यानं, शाळेत मोजतात तसे.
सातावर खोकला आला
म्हणून पुन्हा एकपासून.
इकडे दूध उतू गेलं.

आणि पडद्यावर अक्षरं यायला लागली,
आधी कचरा,
मग ओळीमागून ओळ, भराभर.

"उठला का?"
"उठला."
"काय म्हणतोय?"
"म्हणतोय, सत्तर साल आहे."

खिलारे जरा वेळ बोलले नाहीत.
फोनमधून शेडच्या पत्र्याचा कडकड आवाज येत होता,
वाऱ्याचा असेल.
"मी बहात्तरचा," ते म्हणाले,
"दुष्काळातला.
आई सांगायची, त्याच्या आधी
आमच्या विहिरीला पाणी असायचं.
त्याला इतक्यात सांगू नका, मॅडम."

तारखेची आज्ञा टाइप करून तयार होती.
बोट एंटरवर ठेवून मी थांबले,
ओटा पुसून यावा इतका वेळ.

मग मामाला म्हटलं,
सांग.