कुलपाचं घर

रास अल खैमाच्या डोंगरात, डांबर संपतं
आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते,
तिथे मौझाचं घर.
बैत अल-कुफ्ल म्हणतात. कुलपाचं घर.
कुफ्ल, कुलूप: हा एक शब्द
कधीतरी व्हिसा न काढताच समुद्र ओलांडून आला.

अर्धं घर जमिनीत.
कमरेएवढं खाली उतरायचं, दारात वाकायचं,
आत डोळे स्थिरावले की दिसतात
पाच रांजण, खांद्याएवढे.
मी टेप काढला. दार पंचावन्न सेंटीमीटर.
रांजणाचं पोट ब्याऐंशी.
पुन्हा मोजलं.
मौझा हसली. आधी रांजण, मुहंदिसा, मग भिंती.
उन्हाळ्यात आम्ही खाली खजुरीला जायचो.
चोराने धान्य न्यावं मुठीमुठीने,
रांजण कसा नेईल?

नातू उबैद. त्याला हवी होती
आजीला उतरावं लागणार नाही अशी खोली,
न्हाणीघर, एसी,
आणि आखातापर्यंत दिसेल अशी काच.
ऑफिसने तीन पर्याय काढले, तिन्ही देखणे.
तिन्हींत जुनं घर नव्याने काखेत धरलेलं,
जत्रेत हरवू नये म्हणून पोर धरतात तसं.

मी खानदेशातली. धाब्याच्या घरांच्या गावची.
छपरावर खारी माती किती टाकायची
हे बाबांच्या तळव्यांना कळायचं,
आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत
कुणी ते विचारलं नाही.
इथे समरच्या खोडांचे वासे,
वर दगडी फरशा, वर माती.
चप्पल काढून चढले
आणि माझ्या तळव्यांना काहीतरी आठवलं.

म्हणून नवी भिंत जुनीला टेकणार नाही.
मधे वीतभर फट, करडू अडकणार नाही इतकी.
दगडाची नक्कल नाही,
साधा गिलावा, वाऱ्याने आणलेल्या धुळीच्या रंगाचा,
आणि छप्पर जुन्याहून चार बोटं खाली.
उबैद म्हणाला, एवढा पैसा घालून
दिसणार काहीच नाही?
म्हटलं, काच दिसेल. आतून.

एवढ्या सगळ्यात पाण्याची टाकी उरली.
छपरावर ठेवली की चार बोटांचा हिशेब पाण्यात,
डोंगरावर पांढरं प्लास्टिक डोळ्यांत खुपणार.
भिंत बांधून झाकली, तर तिसरंच घर उभं राहतं.
आठवडाभर ती टाकी मी नकाशावर
इकडून तिकडे सरकवत होते.

जोत्याच्या दिवशी मौझा काठी टेकत आली,
चुन्याने आखलेल्या खोलीत उभी राहिली.
इथे आधी काय ठेवणार?
कुणाला काही सुचेना.
गुलदराज मिस्त्री थापीवरचा माल झटकत राहिला.
मग तिने गाडीतल्या टाकीकडे काठी रोखली.
ती.

आणि छपरावरचं पाणी? जूनमध्ये
हात भाजतात त्याने. सांगायला मीच लागते का?

ऑफिसचा फोन आला, टाकी बदलता आली पाहिजे,
तसा नियम आहे.
आम्ही नियम धाब्यावर बसवला
आणि टाकी खाली.
कोपऱ्यात, दगडी ओट्यावर,
ताडपत्री गुंडाळून ठेवली,
मग भोवतीने भिंती चढू लागल्या.
गुलदराज टाकीवर चहाचे पेले ठेवायचा,
मी नकाशे पसरायचे.
दार सत्तर. टाकीचं पोट एकशे दहा.

गिलावा ओला असताना मी एकदा विचारलंच,
फुटली तर बाहेर कशी काढायची?
मौझाला प्रश्नच कळला नाही आधी.
फुटली, ती म्हणाली,
की मग दारातून जाईलच ना.

जुलैत उबैदने आवाजाचा निरोप पाठवला.
एकही शब्द माझ्यासाठी नाही त्यात.
तोटीची धार, तांब्या ओट्यावर ठेवल्याचा ठणका,
आणि मौझा फटीतून पलीकडे
कुणाला तरी सांगतेय, बहुतेक रांजणांनाच,
गार आहे. गार.