दोन मीटर

हेल्मीबाई आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
म्हणजे हीउमा बेटावर अंधार पडत आला होता.
बर्फावरून ढकलत आणलेली घसरगाडी,
तिच्यावर घोंगडीत गुंडाळलेला संगणक,
आणि कोटाच्या आत, छातीशी, एक चकती.
पाकिटावर एंडेलचं अक्षर: जमीन, मोजणी, २००८.

"यंत्र म्हणतं, असं काही नाहीच माझ्याकडे."
असं काही म्हणजे ड्राइव्ह.

मी बटण दाबलं. दिवा लागला.
ट्रे बाहेर आला, जीभ दाखवून आत गेला.
जिवंत होता. यादीत तेवढा नव्हता.
अशी घरंही आहेत आमच्याकडे:
रोज चूल पेटते, धूर निघतो,
टपाल मात्र येत नाही.

आधी सोपं ते करायचं.
केबल काढली, फुंकली, पुन्हा बसवली.
दुसऱ्या खाचेत लावून पाहिली.
लेन्सवरून स्पिरिटचा बोळा फिरवला,
खरं तर गरज नव्हती.
आंधळं असणं वेगळं, नावच नसणं वेगळं.
मग पडद्यावर उपकरणांची यादी,
पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह.
काढून टाक, म्हटलं. बंद. चालू.
ते खोड उठेपर्यंत आम्ही काळी कॉफी घेतली
आणि कुंपणाबद्दल बोललो नाही.

कुंपण माझं आहे.
एंडेल गेला त्या उन्हाळ्यात मी खांब नव्यानं ठोकले,
जुनिपरचे, सुतात.
सुताच्या आड एक सफरचंदाचं झाड येत होतं,
ते मी आत घेतलं.
हेल्मीबाई तेव्हा लेकीकडे होत्या, समुद्रापलीकडे.
परतल्यावर इतकंच म्हणाल्या,
एंडेलकडे नकाशा होता.

त्रिकोण परत आला.

आता उरली रजिस्ट्री,
संगणकाचं तळघर, जिथे नुसती नावं साठलेली असतात.
तिथे दोन ओळी सापडल्या.
चकत्या लिहायचा कुठलासा प्रोग्रॅम एंडेलनं एकदा घातला होता,
मग कंटाळून काढला.
प्रोग्रॅम गेला, त्याचे दोन राखणदार राहिले,
एक वरच्या दाराशी, एक खालच्या.
धनी गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही.
ड्राइव्हचं नाव आलं की अडवायचे, इमानानं.

माझं बोट तिथेच थांबलं.
"ड्राइव्ह गेला हो, बाई."
इतकंच म्हणायचं होतं. इतकं जुनं यंत्र,
कुणालाही पटलं असतं.
बेटाच्या या टोकाला दुसरा कुणी दुरुस्तीवाला नाही
आणि फेरीचं तिकीट काढून
कोण एका चकतीसाठी हिंडतंय या थंडीत.

त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या.
खिडकीतून झाडाकडे बघत होत्या.
गेल्या शरदात अकरा बादल्या निघाल्या त्याच्या.

दोन्ही ओळी खोडल्या. बंद. चालू.
यादीत नाव आलं, शेजारी एक अक्षर,
जणू कधी गेलंच नव्हतं.
चकती आत सरकवली:
घरघर, मग बारीक शिट्टी, मग एकच सूर धरून ती फिरत राहिली.

नकाशा उघडला. तांबडी रेघ
झाडाच्या माझ्याकडच्या अंगानं गेलेली,
दोन मीटर, वर काही बोटं.
कडेला एंडेलनं पेन्सिलीनं आकडे मांडलेले.
हेल्मीबाईंनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकेल इतक्या वाकल्या.
"आठ बघ," त्या म्हणाल्या.
"कायम दोन गोल काढायचा, एकावर एक,
बर्फातल्या बाहुल्यासारखे."
रेघेबद्दल काही नाही.

मी पैसे नको म्हटलं.
त्यांनी धुरावलेल्या माशांची पुडी टेबलावर ठेवली,
बोटं कागदाला पुसली.
"किती खोल गोठलीय रे जमीन, आरवो?"
"हातभर असेल."
"मग मेमध्ये."

मी घोंगडी नीट गुंडाळली, दोरी आवळली,
आणि त्यांच्या फाटकापर्यंत घसरगाडी मीच ढकलली,
कुंपणाला वळसा घालून.
वळसा बराच लांब पडतो.