शक्य तितकं

चिठ्ठीवर लिहिलंय: मार्गिकेचा अयोग्य वापर.
वेळ पहाटे चार दहा. जागा कँककीच्या दक्षिणेला,
मक्याच्या शेतांमधला चौपदरी रस्ता.
गाडीचा रंग मातकट. चालक आर्लन बेसेट.
धंद्याचा रकाना चिठ्ठीत नाही,
नाहीतर पेल्की नावाची ती तरुण पोलीस
तिथंच पोट धरून हसली असती.

एकोणीस वर्षं मी या जिल्ह्यात रेघा मारतोय.
पांढऱ्या तुटक, पिवळ्या जोड.
दहा फूट रंग, तीस फूट मोकळं, पुन्हा दहा फूट.
ओल्या रंगावर काचेचे मणी पेरायचे, साखरेहून बारीक,
म्हणजे रात्री दिवा पडला की रेघ डोळे उघडते.

"दोनदा बाहेर गेलात, साहेब. घेतली आहे का?"
नाही. रेघच बघत होतो.
मणी गेलेत, हिवाळ्याच्या मिठानं खरवडलीय.
पैसे नाहीत म्हणून तो तुकडा दोन वर्षं राहिलाय.
डोळा जाईल तिकडे चाक जातं,
नवख्या पोरांना हे मीच शिकवतो.
तिला म्हटलं, "झोप नीट झाली नाही."

घरी मॅव्हिसनं कायदा मोठ्यानं वाचला,
ताटलीतली अंडी गार होत होती:
वाहन एकाच मार्गिकेत ठेवावं, शक्य तितकं.
थांब. तेवढंच परत वाच.
शक्य तितकं.
एवढ्या करकरीत वाक्यात
हा मऊ शब्द कुणी सोडला असेल?
बहुतेक कुणीतरी, ज्यानं एकदा
अंधारात हरीण चुकवलं होतं.

ठरवलं होतं, कोर्टात जाईन.
मण्यांची पुडी न्यायाधीशापुढे ओतीन,
म्हणेन, दिवे घालवा, बॅटरी लावा, बघा.
मॅव्हिस म्हणाली, "आणि ते सगळं झाडणार कोण?"

तर मग चार तासांचा वर्ग.
शेजारी एक बाई, गाडी चालवताना सूप प्यायलेली.
मास्तरनं पडद्यावर आदर्श रस्ता दाखवला.
रेघ माझी नव्हती. उजवीकडे बोटभर सरकलेली.
मी हात वर केला, मग खाली घेतला.

शेवटी दाखल्यावर सही.
त्यासाठी छापलेली एक बारीक रेघ.
माझी सही लहानपणापासून खाली घसरते.
खिडकीतल्या बाईनं कागद उचलला,
डोळ्यांपासून लांब धरला,
आणि शिक्का मारला.
तोही जरा तिरकाच.