माझं नाही ते

नाझिब्रोला सांगते, माझं नाही ते मांजर.
समोरच्या ओतारचं असेल.
ओतार म्हणजे मी. माझंही नाही.
नाव ठेवलेलं नाही, फिसो म्हणते,
कुतायसीत कुठल्याही मांजराला म्हणतात तसं,
आणि म्हणताना तोंड रिओनी नदीकडे.

तरी सकाळी जिन्यात तिची काठी वाजली
की शेपूट उभी राहते, सरळ,
टोकाला जराशी वळलेली,
छत्रीच्या मुठीसारखी.
मग कपाळ येऊन आदळतं तिच्या घोट्यावर,
आणि जबड्याची कड
रोजच्या त्याच उसवलेल्या मोज्यावर घासली जाते.
"नाक पुसतंय मेलं," ती म्हणते.
पाय मात्र मागे घेत नाही.

एकतीस वर्षं तिने भट्टीत कंबरेपर्यंत वाकून
तापल्या मातीला पाव चिकटवले.
दंडावरचे केस तेव्हा जळाले ते उगवलेच नाहीत.
पहाटे तीनला पीठ मळायची,
तळहाताच्या टाचेने दाब, सोड, दाब.
आता हे चार किलोचं जनावर
तिच्या मांडीवर चढून तेच करतं,
डावा पंजा, उजवा पंजा, डोळे अर्धवट,
आणि घशात इंजिन.
मी बस चालवायचो, मला कळतं
ते कुठल्या गिअरमध्ये आहे.
नखं लोकरी झग्यातून थेट कातडीत.
ती कण्हते, शिव्या देते,
"पाणी जास्त झालंय, अजून पीठ घाल!"
आणि हात ठेवते त्याच्या पाठीवर,
कणीक फुगली का बघतात तसा.

ऑगस्टात तिच्या चपलेत सरडा निघाला.
अर्धा. वरचा अर्धा, म्हणजे चांगला.
सगळ्या अंगणाला कळेल एवढी ओरडली,
चिमट्याने उचलून अक्रोडाखाली फेकला.
रात्री मक्वालाचा फोन, इटलीतून, बारीहून.
तिथे ती दुसऱ्याच कुणा म्हातारीला
आंघोळ घालते, भरवते, झोपवते.
आई, पैसे पाठवलेत. मिळाले?
मिळाले.
बाकी?
बाकी ठीक.
फोन ठेवून ती बराच वेळ
त्या चपलेकडे बघत बसली.

नोव्हेंबरात मोतीबिंदू काढला.
उजव्या डोळ्यावर पट्टी.
वाकू नका, डॉक्टर म्हणाले, मांजर जवळ घेऊ नका.
"माझं नाहीच ते," तिने त्यांनाही सांगितलं.
थेंब घालायला दिवसातून चारदा मी जायचो.
माझा हात थरथरतो, निम्मे थेंब गालावर.
ती काही बोलायची नाही.

फिसो बाहेर, खिडकीच्या कठड्यावर.
मध्ये काच.
त्या पांढऱ्या पट्टीकडे त्याने रोखून पाहिलं,
कान जरा मागे.
मग पापण्या खाली आणल्या, सावकाश,
म्हातारा दुकानदार शटर ओढतो तशा,
क्षणभर मिटून ठेवल्या,
उघडल्या.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात,
कुणी बघत नाही असं समजून.
इथे दूध नव्हतं,
आणि बघणारी समोरच बसली होती.

नाझिब्रोलाने डावा डोळा मिटला.
तितकाच सावकाश. उघडला.
"अर्धंच सांगता आलं," ती म्हणाली,
मला की काचेला, कळलं नाही.
मी बाटलीचं बूच लावत होतो,
ते दोनदा चुकलं.

पट्टी निघाली त्या दिवशी फिसोचा पत्ता नव्हता.
जिन्यात नाही, अक्रोडावर नाही,
पुलाखाली मासेवाल्याकडेही नाही.
संध्याकाळी मी विचारलं, आणखी शोधू का?
"कशाला? माझं थोडंच आहे."

रात्री माझ्या खिडकीतून तिचं दार दिसतं.
बर्फाचा वास होता हवेत,
डोंगराकडून वारा सुटलेला,
आणि ते दार
चार बोटं उघडं.